मांजराचा आजा कोण, ते आधी बघा

ताई, बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. चार वर्षं टेक्सासमध्ये काढून तुम्ही येत्या हिवाळ्यात कायमच्या सांगलीला परतताय, विश्रामबागला आईच्या घरी. तुमच्याजवळ चार वर्षांचा एक बेंगाल बोका आहे आणि आठ महिन्यांची सव्हाना भाटी आहे. भाटीच्या कागदावर ब्रीडरने ‘एफ-२’ लिहून दिलंय. दोघांना आणता येईल का? सांगलीला विमानतळ नाही, मग उतरायचं कुठं? विट्याच्या भाच्याला मकाव पोपट हवाय, तो तिकडूनच आणला तर चालेल का? आणि आईची म्हातारी मांजर या पाहुण्यांना घरात राहू देईल का?

मी सांगलीत २७ वर्षं कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतोय. परदेशात जाणाऱ्यांच्या प्राण्यांचे कागद करून दिलेत, परदेशातून आलेले प्राणी उतरल्यावर पहिल्यांदा माझ्या टेबलावर आलेत, आणि नको तो प्राणी आणून अडकलेली माणसंही समोर बसून रडलीत. म्हणून आधी निकाल सांगतो. एक कागद मिळाला तर बोका येईल. भाटीला आणू नका. मकावही तिकडून आणू नका.

आता कारणं.

बेंगाल, सव्हाना, चौसी ही नावं ऐकली की लोक त्यांना पर्शियनसारखी आणखी एक जात समजतात. तसं नाही. बेंगाल हा घरमांजर आणि आशियातल्या बिबट मांजराचा संकर. अमेरिकेत जीन मिल या बाईंनी तो संकर १९६३ मध्ये पहिल्यांदा केला आणि १९८० च्या दशकात त्यातून जात उभी केली. सव्हानात आफ्रिकेतल्या सर्व्हलचं रक्त आहे. पहिलं पिल्लू १९८६ मध्ये जन्मलं. चौसीत रानमांजर आहे, आपल्या उसात आणि ओढ्याकाठी फिरतं तेच. म्हणजे या प्रत्येक मांजराच्या घराण्यात मागे कुठं तरी एक जंगली जनावर बसलेलं आहे. ते किती मागे बसलंय, सगळा कायदा त्यावर चालतो. जातीचं नाव काय, याला कायद्याच्या दृष्टीने फार किंमत नाही.

‘एफ’ पुढचा आकडा हेच सांगतो. आपल्या भाषेत हे मोजणं सोपं आहे. बाप जंगली असला तर पिल्लू एफ-१. आजा जंगली असला तर एफ-२. पणजा जंगली तर एफ-३, आणि खापरपणजा जंगली तर एफ-४. तुमच्या भाटीचा आजा सर्व्हल आहे. म्हणजे तिच्या आईने सर्व्हलच्या पोटी जन्म घेतलाय. हे डोळ्यांपुढे आणलं की ती घरमांजर म्हणून का धरली जात नाही, ते लगेच कळतं.

वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा ‘सायटिस’ नावाचा करार आहे आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. या करारात मार्जारकुळ झाडून सगळं यादीत आहे, वगळलंय ते फक्त घरमांजर. सर्व्हल दुसऱ्या परिशिष्टात आहे. बिबट मांजरही दुसऱ्यात आहे, पण भारत, बांगलादेश आणि थायलंडमधली बिबट मांजरं पहिल्या परिशिष्टात, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाखाली. संकराबद्दल करारातल्या देशांनी एक ठराव केलाय. मागच्या चार पिढ्यांत यादीतला एकही जंगली पूर्वज असेल, तर तो संकरित प्राणी जंगली प्राण्यासारखाच धरायचा. खापरपणज्यापर्यंत घराणं साफ पाहिजे. एफ-५ पासून पुढचा प्राणी घरमांजर, एफ-४ पर्यंतचा नाही.

बोक्याचं भवितव्य यावरच ठरणार आहे, आणि जाणती माणसंसुद्धा इथंच फसतात. तुमच्या बोक्याच्या नोंदणीपत्रावर ‘एसबीटी’ ही तीन अक्षरं असतील, अशी माझी अटकळ आहे. बेंगालची नोंदणी मुख्यतः टिका ही अमेरिकेतली संस्था करते आणि तिच्या पद्धतीत एसबीटी म्हणजे मागच्या तीन पिढ्या बेंगाल ते बेंगाल. ब्रीडर सांगतो, एसबीटी आहे, घरमांजरच आहे, काळजी करू नका. त्याच्या संस्थेच्या हिशेबात ते खरंही आहे. पण एफ-४ मांजरालाही एसबीटी मिळू शकतं. त्याचा खापरपणजा जंगली असतो आणि कराराची मोजणी तिथपर्यंत जाते. म्हणून एसबीटी बघून निर्धास्त होऊ नका. नोंदणी संस्थेकडून पाच पिढ्यांची प्रमाणित वंशावळ मागवा. ब्रीडरने वहीत लिहून दिलेली नको, संस्थेने दिलेली हवी. तीत पाचही पिढ्यांच्या सगळ्या घरांत नोंदणी झालेली बेंगाल मांजरंच असली आणि कुठंही बिबट मांजराचं नाव नसलं, तर तुमचा बोका सुटला. हाच तो एक कागद.

रक्त तपासून पिढी ठरवता येईल का, असं पुढं विचाराल. डीएनए तपासणीने काही आनुवंशिक आजार कळतात. बेंगालमध्ये डोळ्याच्या पडद्याचा एक आजार आणि तांबड्या पेशी तुटण्याचा एक आजार असतो, ते जरूर तपासून घ्या. पण हे मांजर एफ-४ की एफ-६, हे विमानतळावर कुणी रक्तावरून ठरवत नाही. ते वंशावळीवरूनच ठरतं.

आता भाटी. ती कराराखाली येते म्हटल्यावर अमेरिकेतून बाहेर पडायलाच तिथल्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसचा सायटिस निर्यात परवाना लागेल. काही लोक म्हणतात की घरगुती सामानाला करारात सूट आहे. ती सूट जिवंत प्राण्यांना नाही. मग भारताची बाजू. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे, आणि त्यात करारातले प्राणी चौथ्या अनुसूचीत घेतले गेले. अशा प्राण्याच्या आयातीला परदेशी व्यापार महासंचालनालयाचा, ज्याला सगळे डीजीएफटी म्हणतात त्याचा, परवाना लागतो. त्या अर्जाला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत पत्र जोडावं लागतं. आपले मुख्य वन्यजीव रक्षक नागपूरला बसतात. प्राणी आणल्यावर २०२४ च्या नोंदणी नियमांप्रमाणे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तीस दिवसांत नोंद करायची. पुढे पिल्लं झाली, कुणाला दिली किंवा ती मेली, तरी प्रत्येक वेळी पुन्हा नोंद. परत येणाऱ्या माणसाला पाळीव प्राणी सामानाबरोबर आणायची जी सवलत आहे, तिच्यात हे बसत नाही.

परवाना न घेता आणलं आणि पकडलं गेलं तर सीमाशुल्क खातं प्राणी जप्त करू शकतं, पुढच्या विमानाने परत पाठवू शकतं, आणि तो खर्च तुमच्याच माथी. वन्यजीव कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. काही एजंट सांगतील, कागदावर नुसतं ‘डोमेस्टिक शॉर्टहेअर’, म्हणजे साधं घरमांजर, लिहू, कोण बघतंय. तसं अजिबात करू नका. खोटं प्रमाणपत्र हा वेगळा गुन्हा आहे. शिवाय तेवढे उंच कान आणि लांब पाय असलेलं मांजर बघून क्वारंटाइनच्या डॉक्टरला शंका येणारच. ते आमच्याच शाळेत शिकलेत.

पण समजा सगळे परवाने मिळाले, तरी मी नकोच म्हणेन. याची कारणं दवाखान्यातली आहेत. सर्व्हल दोन-अडीच मीटर सरळ वर उडी मारतो. एफ-२ सव्हानात ती ताकद बऱ्यापैकी उतरते. विश्रामबागच्या बंगल्याची कंपाउंडची भिंत तिला उंबरठ्यासारखी. वयात आल्यावर घरभर लघवीने हद्द आखणं या जवळच्या पिढ्यांत जास्त दिसतं. रेबीजची लस घरमांजरावर तपासून मान्य झालेली आहे, जंगली रक्ताच्या इतक्या जवळच्या प्राण्यात ती तेवढंच संरक्षण देते असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि रेबीजच्या बाबतीत छातीठोकपणे सांगता येत नसेल तर मी पुढं जात नाही. आपल्या गल्लीत भटकी कुत्री आहेत. एखादी रात्र ती बाहेर राहिली आणि चावा घेऊन आली, तर आई आणि तुम्ही दोघींनाही इंजेक्शनांचा पूर्ण कोर्स घ्यावा लागेल.

ती उसात शिरली तर काय, हा विचार तर मला झोप लागू देत नाही. हे जरा सविस्तर सांगू द्या.

आपल्याकडे गळीत हंगाम सुरू झाला की वाळवा, शिराळा, कराड, पाटण या पट्ट्यात उसाच्या फडात पिल्लं सापडतात. कधी बिबट्याची, कधी रानमांजराची, कधी वाघाटीची. वाघाटी हे जगातल्या सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक, वाढलेलं जनावर जेमतेम दीड किलोचं. अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पट्टे. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. दवाखाना सुरू करून मला दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा तोडकऱ्यांच्या टोळीतला एक मुलगा पोत्यात दोन पिल्लं घेऊन आला. डोळे नुकते उघडलेले. मला दया आली. मी त्यांना ठेवून घेतलं, ड्रॉपरने दूध पाजलं, दिव्याखाली ऊब दिली, आणि दोन दिवसांनी वन विभागाला कळवलं. तोवर उशीर झाला होता. एक पिल्लू तिसऱ्या रात्री गेलं. दुसरं जगलं, पण माणसाच्या हाताला सवकलं आणि पुन्हा कधी रानात जाऊ शकलं नाही. मी त्याच संध्याकाळी ती दोघं क्रेटमध्ये घालून त्याच फडाच्या बांधावर नेऊन ठेवायला हवी होती. आई रात्री येते आणि मान धरून एकेक पिल्लू घेऊन जाते. वन विभाग आता कॅमेरा लावून अगदी तसंच करतो, आणि त्यांच्या कॅमेऱ्यात मी वाघाटीची आई पिल्लू उचलून नेताना बघितलीय. ते बघताना माझे हात थरथरत होते, कारण मला ती दोन पिल्लं आठवत होती.

तेव्हापासून कुणी ठिपक्यांचं पिल्लू घेऊन आलं आणि ‘डॉक्टर, बेंगाल आहे, पंधरा हजाराला घेतलं’ म्हणालं, की मी आधी त्याचे कान आणि शेपूट बघतो आणि मगच हात लावतो. दोनदा ते बेंगाल नव्हतं. फडातून उचललेलं वाघाटीचं पिल्लू होतं, आणि घेणाऱ्याला खरंच माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणून कायदा सोडत नाही. पहिल्या अनुसूचीतला प्राणी बाळगण्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आहे. बेंगालचं वेड वाढलं तसं ठिपक्यांच्या पिल्लांना भाव आला, आणि तो भाव फडापर्यंत पोहोचलाय. तुमच्या भागात असं पिल्लू दिसलं तर हात न लावता वन विभागाच्या १९२६ या नंबरवर कळवा.

चांदोली, कोयना, सागरेश्वर, ही सगळी जंगलं आपल्यापासून दोन-तीन तासांत आहेत. घरातून सुटलेलं मोठं, ताकदवान, उत्तम शिकार करणारं मांजर तिथल्या पक्ष्यांवर तर तुटून पडतंच, पण घरच्या मांजरांचे आजारही बरोबर नेतं. पॅनल्युकोपेनियाचा विषाणू रानमांजराला आणि वाघाटीला तितकाच मारतो. आणि रानमांजर घरमांजराशी जुळतं, हे आपल्याकडच्या वाड्या-वस्त्यांवर लोकांनी पाहिलेलं आहे. एकदा ते रक्त मिसळलं की परत निवडून काढता येत नाही.

म्हणून भाटीसाठी माझा सल्ला असा. आजच ब्रीडरला लिहा. बऱ्याच ब्रीडरच्या करारात मांजर ठेवता येत नसेल तर त्यांच्याकडेच परत द्यायचं, असं कलम असतं. ते नसेल तर तिथंच असं घर शोधा जिथं आधी संकरित मांजर सांभाळलंय आणि बाहेर जाळी घातलेली जागा आहे. आठ महिन्यांची आहे, अजून नव्या माणसांशी जुळवून घेईल. निघायच्या आदल्या आठवड्यात घाईने कुणाच्या तरी हाती देऊ नका. तीन महिने आधी द्या, म्हणजे ती तिथं रुळली का हे तुम्हाला जाऊन बघता येईल. हे वाचताना तुमच्या पोटात कालवतंय, मला कळतंय. मला लिहितानाही बरं वाटत नाहीये.

आता बोक्याची तयारी. वंशावळ साफ निघाली असं धरून सांगतो.

पाळीव कुत्री-मांजरं आणण्याची परवानगी पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाची अ‍ॅनिमल क्वारंटाइन सेवा देते, १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचं परत येणाऱ्या माणसाला जास्तीत जास्त दोन पाळीव प्राणी बरोबर आणता येतात. तुमची चार वर्षं झालीत, त्यामुळे ते बसतं. पासपोर्टवरचे शिक्के, व्हिसा, तिथलं भाड्याचं किंवा नोकरीचं काहीतरी पत्र हाताशी ठेवा.

सर्वांत आधी मायक्रोचिप. पंधरा आकडी, आयएसओ मानकाची. चिप आधी, रेबीजची लस नंतर, हा क्रम मोडू नका, कारण चिपशिवाय टोचलेली लस नेमकी कुणाला टोचली हे कागद सांगू शकत नाही. निघण्याच्या दिवशी ती लस तीस दिवसांपेक्षा जुनी आणि बारा महिन्यांपेक्षा नवी असली पाहिजे. अमेरिकेत तीन वर्षं चालणारी लस देतात आणि लोक म्हणतात अजून वैध आहे. आपल्याकडच्या मोजणीला ती चालत नाही. मागच्या बारा महिन्यांत टोचलेली नसेल तर पुन्हा टोचून घ्या. पॅनल्युकोपेनिया आणि सर्दीच्या दोन विषाणूंची एकत्रित लसही ताजी ठेवा.

मग आरोग्य प्रमाणपत्र. यूएसडीएची, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याची, मान्यता असलेला तिथला डॉक्टर ते भरतो आणि यूएसडीए त्यावर शिक्कामोर्तब करते. ते प्रवासाच्या अगदी जवळच्या दिवसांत होतं, म्हणून डॉक्टरची वेळ महिनाभर आधी घेऊन ठेवा. प्रजातीच्या रकान्यात घरमांजर, जातीच्या रकान्यात बेंगाल, आणि वंशावळीची प्रत सोबत. ‘लेपर्ड’ हा शब्द कुठंही उगाच नको, आणि ‘बेंगाल’ हा शब्द लपवायलाही नको. जे आहे ते लिहायचं.

तिकीट पक्कं झालं की क्वारंटाइन सेवेच्या ऑनलाइन पोर्टलवर आगाऊ ना-हरकतीचा अर्ज करा, दोन आठवडे तरी हातात ठेवून. पासपोर्ट, तिकीट, लसीचं कार्ड, आरोग्य प्रमाणपत्र, बोक्याचा फोटो. ना-हरकत त्याच विमानतळासाठी असते. मुंबईसाठी घेतली आणि तिकीट बदलून दिल्लीला उतरलात, तर ती उपयोगी नाही. आपल्याला मुंबईच सोयीची. दिल्लीला उतरून पुण्याचं किंवा कोल्हापूरचं विमान धरू असा विचार करू नका. मुंबईला थेट येणारं विमान घ्या, शक्यतो कामाच्या दिवशी सकाळी उतरणारं.

प्रत्येक कागदावरचा चिपचा आकडा स्वतः, बोट ठेवून, मोठ्याने वाचून जुळवा. साताऱ्याच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगतो. लसीच्या कार्डावर चिपचे शेवटचे दोन आकडे उलटेपालटे झाले होते. क्लिनिकच्या टायपिंगची चूक. विमानतळावर रीडर फिरवला आणि आकडा जुळेना. घरातली म्हातारी आजी, लहान पोर आणि पिंजऱ्यात ओरडणारं मांजर घेऊन ती माणसं सकाळपासून दुपारपर्यंत तिथं बसली, अमेरिकेत रात्र असल्यामुळे क्लिनिक फोन उचलेना. शेवटी तिथून दुरुस्त पत्र आलं आणि सुटका झाली. अधिकाऱ्यांनी काही चुकीचं केलं नाही. त्यांच्या समोरचं मांजर आणि कागदावरचं मांजर एकच आहे, हे त्यांना दिसलं पाहिजे.

उतरल्यावर क्वारंटाइनचे डॉक्टर बोका तपासतील. निरोगी दिसला आणि कागद जुळले तर अंतिम ना-हरकत देऊन सोडतात. पुढचे तीस दिवस घरीच ठेवा, दुसऱ्या प्राण्यात मिसळू देऊ नका. आजारी दिसला किंवा लसीत खोट निघाली तर त्यांच्या केंद्रात ठेवून घेतात.

मुंबई ते सांगली आठ-नऊ तास धरा. अमेरिकेहून थकून आलेल्या मांजराला सरळ गाडीत घालून घाटांच्या वळणांवरून आणू नका. नवी मुंबईत किंवा पुण्यात एक रात्र थांबा. निघताना पोट भरून खायला घालू नका, पाणी मात्र दर दोन तासांनी. एक्सप्रेसवेच्या धाब्यावर पिंजऱ्याचं दार उघडायचं नाही, कितीही मिआँव मिआँव केलं तरी. मी पेठ नाक्याजवळ हरवलेलं मांजर शोधायला गेलेला माणूस आहे, सापडलं नाही. हिवाळ्यात येताय हे फार चांगलं. एप्रिल-मे असता तर मी तारीख बदला म्हटलं असतं.

कुत्री आणू इच्छिणाऱ्यांसाठी जाता जाता. दोन वर्षं, दोन प्राणी, चिप आणि लस हा हिशेब तोच. पण २०१६ पासून पैदाशीच्या आणि विक्रीच्या धंद्यासाठी परदेशी कुत्री आणता येत नाहीत, आणि आणलेलं कुत्रं खरोखर तुमचंच आहे हे त्याच्या नोंदवहीवरून दिसावं लागतं. लांडगा-कुत्रा संकराबद्दल जतच्या एका तरुणाने विचारलं होतं. लांडगाही करारात आहे, भारतातला तर पहिल्या परिशिष्टात, त्यामुळे खापरपणज्याचाच नियम. केंद्राने १२ मार्च २०२४ ला २३ ‘धोकादायक’ कुत्र्यांच्या जातींवर बंदी घालायला जे पत्र काढलं त्यातही हा संकर होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक एप्रिल २०२४ मध्ये रद्द केलं, पण त्यामुळे वन्यजीव कायदा हलत नाही. जत, आटपाडी, माणच्या माळावर खरा लांडगा अजून आहे. ज्याला रुबाबदार, चपळ कुत्रं हवंय त्याने आपल्याच भागातला कारवानी बघावा. इथल्या उन्हात वाढलेलं दुसरं इतकं देखणं जनावर मला माहीत नाही.

भाच्याच्या मकावबद्दल. निळा-पिवळा मकाव करारात दुसऱ्या परिशिष्टात, तांबडा आणि हायसिंथ पहिल्यात. पक्ष्यांना सामानाच्या सवलतीत जागा नाही, वर बर्ड फ्लू असलेल्या देशांतून पक्षी आणायला मनाई होते. तेव्हा तिकडून नाही. इथं कुणाकडून घेणार असेल तर त्याने देणाऱ्याकडे परिवेशवरच्या नोंदणीचा कागद मागावा, पक्ष्याच्या पायातल्या बंद रिंगचा नंबर त्याच्याशी जुळवावा, आणि घेतल्यावर आपल्या नावावर नोंद करून घ्यावी. बजरी, कॉकटिएल आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड हे छोटे पोपट करारात नाहीत. फिशर लव्हबर्ड मात्र आहे, आणि तो अर्ध्या सांगलीत नोंदणीविना आहे. आपला पिंजऱ्यातला हिरवा राघू, अंगणात ठेवलेलं चांदणी कासव, ही तर भारतातलीच संरक्षित जनावरं, ती कुठूनही घ्यायची नाहीत. भाचा अजून शिकतोय असं तुम्ही लिहिलंय. मकाव पन्नास वर्षं जगतो. घरात त्याच्यामागे ते कोण करणार, हे त्याच्याशी एकदा बसून बोला.

राहता राहिली आईची मांजर. बोक्याची नसबंदी झालेली नसेल तर तिकडेच करून या. बेंगाल बोका नसबंदीशिवाय आणला तर तो पहिल्या महिन्यात भिंत ओलांडणार. आणण्याआधी म्हातारीला माझ्याकडे किंवा जवळच्या दवाखान्यात नेऊन तिन्ही आजारांची लस आणि रेबीज करून घ्या, पंधरा वर्षांची असली तरी. बोक्याला तीस दिवस वरच्या मजल्यावरची एक खोली द्या. त्याची वाळूची पेटी, ताट, झोपायची गोधडी सगळं वेगळं. तुम्ही त्या खोलीतून आलात की हात धुऊन मगच म्हातारीला उचला. तीस दिवस संपले आणि बोका तपासून झाला की त्याचं एक फडकं म्हातारीच्या बिछान्याजवळ आणि तिचं त्याच्या खोलीत टाका. दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघांना एकाच वेळी खायला द्या. आणखी आठ-दहा दिवसांनी दार चार बोटं उघडा. म्हातारी फिसकारेल, तिचं घर आहे. तिला उंचावर चढता येत नसेल तर जमिनीवरच एक अशी जागा ठेवा जिथं बोक्याला जाता येणार नाही, आणि तिचं जेवण नेहमी आधी वाढा.

वंशावळ हातात आली की तिचा स्पष्ट फोटो मला पाठवा, पाचव्या पिढीची बत्तीसही नावं वाचता येतील असा. ती बघून मग तिकीट काढा.